कॅमेऱ्याच्या पुढे अर्धा दिवस, मागे अर्धा

पहाटे साडेपाच

मे महिन्यात बुलढाण्यात काही करायचं तर ते अकराच्या आत उरकावं लागतं. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही घाटाखालची गावं या दिवसांत भट्टीसारखी तापतात. घाटावर त्या मानाने हवा बरी, म्हणून आमचं मुलांचं उन्हाळी शिबिर इथे भरतं. तरीही बारानंतर शाळेच्या पत्र्याखाली उभं राहवत नाही.

सभागृह उघडायचं, झाडून घ्यायचं आणि फरशीवर खडूने फुल्या मारायच्या, ही माझी पहिली कामं. प्रत्येक फुलीशेजारी पात्राचं आद्याक्षर. सिनेमावाले याला मार्क म्हणतात. नट मार्कवर थांबला तर फोकस आणि उजेड दोन्ही जुळतात; वीतभर पुढे सरकला तर टेक वाया. लहानपणी याची सवय लागली की पायांनाच जागा कळते, खाली बघावं लागत नाही.

मराठी विनोदी सिनेमाचा 1980 नंतरचा सगळा बहर ज्या दोघांनी उभा केला, त्यांना ही सवय लहानपणीच लागली होती. सचिन पिळगावकर 1957 चे. 1963 च्या ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये राजा परांजप्यांनी त्यांना उभं केलं तेव्हा ते जेमतेम शाळेत जायच्या वयाचे होते. साधारण त्याच सुमाराला महेश कोठारे ‘छोटा जवान’मधून आले. दोघंही पुढे हिंदीत गेले, दोघंही मोठे झाले आणि दोघांनीही पडद्यावरची जागा न सोडता दिग्दर्शन हातात घेतलं. आमच्या शिबिराची आखणी मी या दोघांकडे बघून केली आहे.

सात

पोरं जमतात. घाटाखालची काही मामा-मावशीकडे उतरलेली, काही वसतिगृहात, लोणार-मेहकरकडची सकाळच्या एसटीने येणारी. आधी अर्धा तास श्वास आणि आवाज, मग चालणं. म्हातारा कसा चालतो, दुखऱ्या गुडघ्याचा म्हातारा कसा चालतो, आणि आपलं दुखतंय हे सुनेला कळू नये म्हणून जपणारा कसा चालतो. तिसऱ्या चालीला पोरं आपसूक हसायला लागतात.

भाषेचा प्रश्न रोज येतो. घरी तोंडभरून वऱ्हाडी बोलणारं पोर मंचावर चढलं की पुस्तकासारखं बोलू लागतं आणि त्याच क्षणी त्याचं टायमिंग जातं. आज जळगाव जामोदचा सातवीतला एक पोरगा अडखळत होता. त्याला म्हटलं, तुझ्या आजीला सांगतोस तसं सांग. तो लगेच सुटला, “अवं बुढे, तुले सांगतलं होतं ना, त्या खोलीत काही तरी हाय म्हून!” सगळं सभागृह हसलं. विनोदाला जिभेवर बसलेली भाषा लागते. विदर्भातल्या बोलीचं आता मोठ्या पडद्याला वावडं उरलेलं नाही. 2018 च्या ‘नाळ’मधल्या श्रीनिवास पोकळेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो याच बाजूची बोली बोलत.

आठ

दिवसातला माझा सर्वांत आवडता तास. प्रसंग असा: मुलाला सिनेमा काढायचाय, बापाकडे पैसा आहे, आणि मुलगा बापाला आपल्या भुताच्या सिनेमाची गोष्ट ऐकवतोय. महेश कोठाऱ्यांचा ‘धुमधडाका’ (1985) ज्यांनी पाहिला त्यांना लक्ष्मीकांत बेर्डे आणि शरद तळवलकर लगेच आठवतील. कोठाऱ्यांचा दिग्दर्शक म्हणून तो पहिलाच सिनेमा. हा प्रसंग त्याआधी तामिळमध्ये श्रीधर यांच्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’त (1964) नागेश आणि बालय्यांनी केला होता, मग हिंदीत ‘प्यार किये जा’मध्ये (1966) मेहमूद आणि ओमप्रकाश यांनी. तीन भाषा, तीन जोड्या, आणि तिन्हीकडे प्रेक्षक लोटपोट.

पोरांना वाटतं, गोष्ट सांगणारा भारी. म्हणून मारामारी बेर्डे व्हायला. मी पहिल्या फेरीत सांगणाऱ्याला पडद्याआड उभं करतो. नुसता आवाज येऊ द्यायचा. समोर फक्त ऐकणारा बाप, खुर्चीत बसलेला. आणि बाकीच्यांना सांगतो, आता कुठे हसू येतं ते बघा.

आज बाप झाला चिखलीचा एक अंगापिंडाने थोराड मुलगा. सुरुवातीला तो दर वाक्याला दचकायचा. तोंड वाकडं, डोळे मोठे, हात वर. दोन मिनिटांत सगळे कंटाळले. मग ठरवलं, पहिल्या चार वाक्यांना काहीच करायचं नाही. पैसेवाला माणूस आहेस, पोराच्या खुळचटपणाकडे दुर्लक्ष कर. पाचव्या वाक्याला पाय जरा खुर्चीखाली घे, बस. सहाव्याला खांद्यावरचा टॉवेल हातात घे. दार वाजल्याचा आवाज येतो तेव्हा दाराकडे बघायचं नाही, मनात एक-दोन मोजायचं आणि मग बघायचं. त्याने ते ‘एक-दोन’ मोजलं आणि सभागृह उसळलं. तो स्वतः इतका चकित झाला की पुढचं सगळं विसरला.

ही दोन आकड्यांची जागा शिकवायला मला फार आवडतं. टायमिंग ही देणगी आहे असं म्हणून आपण पोरांना घरी पाठवतो, ते मला पटत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सेटवर कुणी अभिनयाचा सिद्धांत सांगत नाही. त्याला सांगतात, काका बोलून थांबले की तीन मोज आणि वळ. तो मोजतो आणि वळतो. अशी शेकडो वळणं झाली की मोजणी रक्तात उतरते. मेहमूद स्वतः ‘किस्मत’मध्ये (1943) लहान मूल म्हणून कॅमेऱ्यासमोर उभे होते, पुढे विनोदवीर झाले आणि ‘भूत बंगला’, ‘कुंवारा बाप’ यांचे दिग्दर्शक. जगदीप ‘दो बिघा जमीन’मध्ये (1953) बूटपॉलिशवाला पोरगा होते, नंतर सूरमा भोपाली झाले आणि 1988 मध्ये त्याच नावाचा सिनेमा त्यांनी दिग्दर्शित केला. सचिन यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ही त्याच वर्षीचा. ‘ब्रह्मचारी’ आणि ‘शोले’ या दोन्ही सिनेमांत जगदीप आणि सचिन दोघंही आहेत. ही माणसं एकमेकांचं काम जवळून बघत वाढली.

दहा

आता अदलाबदल. ज्यांनी काम केलं ते कॅमेऱ्यामागे, मागचे पुढे. कॅमेरा म्हणजे तिपाईवरचा मोबाइल. एकाकडे प्लायवूडची क्लॅप, दोघांकडे उजेड परतवायचा थर्माकोल, एकीकडे कंटिन्युइटीची वही.

वही लोणारच्या सहावीतल्या एका मुलीकडे आहे. टॉवेल कुठल्या खांद्यावर, पाण्याचा पेला अर्धा की भरलेला, खिडकी उघडी की लोटलेली, सगळं ती लिहिते, आणि चौकट आखून लिहिते. चौथ्या टेकला ती उठली. “सर, थांबा. टावेल डाव्या खांद्यावर होता.” चिखलीचा मुलगा म्हणाला, “काय फरक पडते?” ती म्हणाली, “तू पाय खुर्चीखाली घेतला का टावेल उजवीकून उडी मारून डावीकडे जाईल. लोक टावेलाकडं पाह्यतील, तुह्याकडं नाही.” मला यात काहीच भर घालावी लागली नाही.

सचिन आणि कोठारे हे लहानपणी गोड दिसायचे म्हणून पुढे दिग्दर्शक झाले नाहीत. गोड दिसणारी पोरं त्या काळात बरीच होती. यांना आपला शॉट नसतानाही सेटवर राहायला मिळालं. सचिन यांचे वडील शरद पिळगावकर निर्माते, कोठाऱ्यांचे वडील अंबर कोठारे रंगभूमीवरचे नट. घरात जेवणाच्या ताटावर सिनेमा-नाटकाचीच गोष्ट. त्यातून सचिन यांना पहिला दिग्दर्शक भेटला तो राजा परांजपे, स्वतः उत्तम विनोदी नट आणि ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘जगाच्या पाठीवर’ यांचा कर्ता. दोन्ही कामं एकच माणूस करू शकतो हे त्या मुलाने अगदी सुरुवातीलाच पाहिलं. 1975 मध्ये ‘गीत गाता चल’चा नायक झालेले सचिन त्याच वर्षीच्या ‘शोले’त इमामसाहेबांचा मुलगा अहमद म्हणून थोडाच वेळ दिसतात. पण त्या सिनेमाच्या सेकंड युनिटमध्येही आपण राबलो, हे त्यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. एवढी मोठी भट्टी पेटलेली असताना आपला शॉट झाला म्हणून घरी न जाणारा मुलगा, हा माझ्या लेखी त्यांच्या घडणीचा सगळ्यात मोठा भाग आहे.

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत आणि एकातही स्टुडिओ नाही. आमच्या पोरांचे बाप निर्माते नाहीत. संवाद पाठ करून घेणारे शिक्षक मिळतात, राज्य बालनाट्य स्पर्धेला पोरं जातात, बक्षिसंही आणतात. पण सेटभोवती घुटमळण्याची संधी त्यांना कुणी देत नाही. म्हणून इथला नियम असा की अर्धा दिवस पुढे, अर्धा दिवस मागे. ज्याला फक्त अभिनय करायचाय त्यानेही थर्माकोल धरायचाच. पालक कधी कधी नाराज होतात. होऊ देत.

साडेअकरा

सामान आत. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा, आणि आज एका पालकाने पाठवलेला आमरस. पोरं वाट्या चाटून पुसून ठेवतात आणि पंख्याखाली आडवी होतात.

एक

हा कागदांचा वेळ. आज नांदुऱ्याहून एक बाप भेटायला आले. कपाशी-सोयाबीनची शेती, पेरणीला अवकाश म्हणून येता आलं. टोपी हातात घेऊन बसले. मुलाला कुणीतरी फोनवर मालिकेत काम देतो म्हणून सांगितलं होतं, आधी फोटो काढायचे पैसे भरा म्हणत होते.

“सर, पोट्ट्याले मुंबईले नेऊ का? आमच्या गावात म्हंतात, चेहरा चांगला हाय, टीव्हीत चालंल.”

“भाऊ, पैसे आधी मागतात तिथे जाऊ नका. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.”

“मंग खरं काम कोनतं हे वयखाचं कसं?”

मी त्यांना नियमांचा कागद वाचून दाखवला. बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली आणि 2017 च्या नियमांत बालकलाकारांसाठी अटी आल्या. चित्रीकरण जिथे होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची. मुलाचं काम दिवसाला पाच तासांच्या वर नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही. सलग 27 दिवसांहून जास्त काम नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस. शाळा बुडता कामा नये. आणि मिळकतीतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, सज्ञान झाल्यावर त्याच्याच हाती. जो निर्माता या कागदाबद्दल आपणहून बोलतो त्याच्याशी बोला, एवढं मी म्हटलं.

वीस टक्क्यांपाशी ते थबकले. “म्हंजे बापालेबी हात लावता येत नाही?” मी म्हटलं, नाही, आणि हे बरं आहे. त्यांना जॅकी कूगनची हकिगत सांगितली. चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’मध्ये (1921) चॅप्लिनच्या बरोबरीने सिनेमा पेलणारा तो चिमुरडा. त्या काळी त्याने अफाट पैसा कमावला आणि मोठा होऊन बघतो तर आई आणि सावत्र बापाने तो जवळजवळ सगळा उडवलेला. त्याच्या खटल्यानंतर 1939 मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचं रक्षण करणारा कायदा झाला, तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. नांदुऱ्याच्या त्या माणसाने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “त्या पोराचं पुढं काय झालं?” अभिनय करत राहिला, म्हटलं, पण लहानपणीचं ते वैभव परत आलं नाही.

हे त्यांच्यापासून लपवणं बरोबर नव्हतं. बालकलाकारांतले फार थोडे पुढे टिकतात. बारा-तेराव्या वर्षी आवाज फुटतो, मिसरूड येतं आणि काल डोक्यावर घेणारे लोक आज ओळखत नाहीत. कोठाऱ्यांनी ‘राजा और रंक’मध्ये (1968) राजपुत्र आणि भिकारी अशी दुहेरी भूमिका केली, हिंदीत नाव झालं, आणि तरी पुढे त्यांनी कायद्याचं शिक्षण पूर्ण केलं. ‘श्यामची आई’तला (1953) श्याम, म्हणजे माधव वझे, प्राध्यापक झाले, आणि नाटक त्यांनी दिग्दर्शक आणि समीक्षक म्हणून सांभाळलं. पाठीशी शिक्षण असल्यामुळे या दोघांना कामासाठी कुणाच्या दारात ताटकळावं लागलं नाही. दहावी होऊ द्या, भाऊ, मी म्हटलं. तोवर सुट्टीत इथे पाठवत राहा.

आमचं शिबिर कमाईचं नाही, त्याला हे नियम लागू होत नाहीत. तरी पाच तासांची मर्यादा मी पाळतो.

चार

ऊन कलतं. पडदे ओढून, भिंतीवर ‘अशी ही बनवाबनवी’. सलग दाखवत नाही, तुकडे दाखवतो आणि थांबवतो. बहुतेकांचा पाठच आहे. संवाद पडद्याच्या आधी पोरांच्या तोंडून येतात. 1988 च्या सप्टेंबरमध्ये आलेला सिनेमा, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली पोरं तो घरच्या गोष्टीसारखा सांगतात.

आज आवाज बंद करून पाहिला. आधी आरडाओरड झाली, मग दोन मिनिटांत सगळे गप्प. आवाज गेला की माणसं कुठे उभी आहेत ते दिसतं. चौघं मित्र एका चौकटीत असले की कॅमेरा बहुतेक वेळा लांब राहतो. एक जण बोलतो तेव्हा उरलेले तिघं काय करतात ते दिसू दिलंय. अशोक सराफ काही न करता नुसते उभे आहेत आणि तरी नजर तिकडे जाते. सुधीर जोशींचे घरमालक सरपोतदार औषधाच्या पैशांवरून जाब विचारतात, त्या प्रसंगात सराफांचा चेहरा कसा निर्विकार राहतो, ते चिखलीच्या मुलाला मी दोनदा दाखवलं. “सर, हे तं सकाळचंच एक-दोन हाय!” तो म्हणाला.

मग मी विचारलं, साडी नेसलेल्या दोघांपैकी दिग्दर्शक कोण? पोरं पुन्हा पडद्याकडे बघायला लागली. लीलाबाई काळभोरांच्या घरात सुधा म्हणून वावरणारे सचिन हेच दिग्दर्शक. पदर सावरायचा, शेजारी लक्ष्मीकांत बेर्डे सुटलेत त्यांना चौकटीत ठेवायचं, आणि स्वतःकडे लक्ष वेधून घ्यायचं नाही. या सिनेमात सगळ्यात मोठा हशा सचिन यांच्या वाट्याला क्वचित येतो. तो सराफांना आणि बेर्ड्यांना मिळतो. वयाच्या पाचव्या वर्षापासून टाळ्या ऐकलेल्या माणसाने हे करावं याचं मला फार मोल वाटतं. वसंत सबनिसांचं लेखनही असं की छोट्यातल्या छोट्या पात्राच्या वाट्याला एक तरी वाक्य चमकतं.

मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची (1966). तिथे ती फार चालली नव्हती. मुखर्जी हे एडिटिंगच्या टेबलावरून दिग्दर्शनाकडे आलेले, आणि त्यांच्याच ‘मझली दीदी’त (1967) मीनाकुमारीसमोर लहानगा सचिन होता. ज्या दिग्दर्शकाच्या सेटवर मुलगा वाढला, त्याचीच विसरली गेलेली गोष्ट वीसेक वर्षांनी त्याने पुण्याच्या भाड्याच्या खोलीत आणून वसवली. हे सांगितलं तेव्हा लोणारची ती मुलगी वहीत काहीतरी लिहीत होती. बघितलं तर तिने बाणांनी नकाशा काढला होता: मुखर्जी, सचिन, परांजपे, मेहमूद, कोठारे. जगदीप राहिले होते, ते मी सांगितले.

सहा

एडिटिंग. सकाळचे टेक लॅपटॉपवर. एका सेकंदात 24 चौकटी, हे पोरांना आता ठाऊक आहे. बाप दाराकडे बघतो त्याआधीचा थांबा चिखलीच्या मुलाने उत्तम घेतला होता, पण पडद्यावर तो लांबला. मंचावर जे बरोबर ते पडद्यावर बरोबर असेलच असं नाही. आठ चौकटी कापल्या, हशा आला. आणखी चार कापल्या, गेला. पुन्हा जोडल्या. मुलं खुर्च्या ओढून लॅपटॉपभोवती आली होती आणि कुणालाही घरी जायचं नव्हतं. अर्ध्या तासाच्या वर डोळ्यांना ताण नको म्हणून मीच झाकण मिटलं.

पुढच्या पिढीचा मराठी विनोदी दिग्दर्शक अशाच कुठल्या तरी टेबलापाशी बसलेला असणार, आणि तो मुंबईचाच असेल असं मला वाटत नाही. कोठाऱ्यांनी ‘धडाकेबाज’ (1990) सिनेमास्कोपमध्ये केला, मराठीतला तो पहिला. ‘झपाटलेला’त (1993) रामदास पाध्यांच्या बाहुल्याला खलनायक करून गावोगावची पोरं घाबरवली आणि हसवली. ‘झपाटलेला 2’ (2013) थ्रीडीत आणला. नवं यंत्र दिसलं की ते हाताळून बघायचं, ही वृत्ती लहानपणापासून यंत्राभोवती वावरल्याशिवाय येत नाही. आता ते यंत्र घरोघरच्या फोनमध्ये आहे.

नऊ

उद्याची यादी. सात वाजता दिग्दर्शक लोणारची मुलगी. तिने प्रसंग स्वतः लिहिलाय, एसटीत जागा धरण्यावरून होणाऱ्या भांडणाचा. कंडक्टर व्हायला जळगाव जामोदचा पोरगा. चिखलीचा मुलगा कंटिन्युइटीच्या वहीवर. नांदुऱ्याचे ते भाऊ बहिणीकडे मुक्कामाला थांबलेत. उद्या सकाळी येऊन थर्माकोल धरतो म्हणालेत. बाकांच्या दोन रांगांतून एसटी उभी करायची आहे, आणि खडू संपत आलाय, तो आणायचा.